पाव फेरा डावीकडे

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचा, आणि जागा बघूनच प्रवासाचा शीण पळाला.

उतारावरचं दुमजली घर. खाली मालकीणबाई एकट्या राहतात. वर एक लांबलचक दालन आहे, त्याला उत्तरेकडे सात खिडक्या, म्हणजे दिवसभर उजेड आणि थेट ऊन मात्र नाही. जुन्या प्लॅस्टिकचं आणि उन्हाचं वैर असतं, ते पिवळं पडतं. ज्यानं ही खोली निवडली त्याला अक्कल होती. दालनात चादरींखाली चौतीस होम कॉम्प्युटर आणि टीव्हीला जोडायचे अकरा खेळ. झोपलेल्या माणसाचं पांघरूण काढावं तशा मी चादरी एकेक करून काढल्या. दोन पेट्या आणल्यात, एकीत कपडे, दुसरीत हत्यारं. हत्यारांची पेटी गाडीवाला उचलायला आला तर हात लावू दिला नाही.

मालकीणबाई निवृत्त भूगोल शिक्षिका. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणणार. हा संग्रह त्यांच्या धाकट्या भावाचा. तो गेल्या वर्षी वारला. महिन्याभरात सगळं चालू करून लोकांना बघायला, खेळायला खुलं करायचं असा बेत आहे. माझ्याआधी दोन पदवीवाले इंजिनियर येऊन गेले म्हणे. एकानं सल्ला दिला, हे भंगारात काढा, तेच खेळ नव्या मशीनवर दाखवू, दिसतं तेच. दिसतं तेच! आईच्या हातच्या पत्राची छापील प्रत काढा आणि म्हणा, वाचायला तेच.

बाईंनी माझं शिक्षण विचारलं. दहावी आणि एक पेचकस, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, अक्षर चांगलं आहे, अर्जात खाडाखोड नव्हती, पुरे.

एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा बजावली. कपाटात नऊ कॅसेटी आहेत, लाल पेन्सिलीनं आकडे घातलेल्या. शेजारी भावाचा करडा टेपरेकॉर्डर. मशीनं अर्धी राहिली तरी चालतील, पण कॅसेटी राहता कामा नयेत. खेळ असतील काहीतरी, असं म्हणून त्या खाली गेल्या.

बुधवार, ६ मार्च

दोन दिवसांत सात मशीनं जिवंत. नोंद नीट ठेवतो आहे: क्रमांक एक, फुगलेले चार कपॅसिटर बदलले. क्रमांक दोन, रबरी बटणांचा; आतली पातळ पट्टी कुजलेली, नवी घातली. क्रमांक पाचच्या पोटात कोळ्याचं जाळं आणि कुणाचा तरी दुधाचा दात. कुठलं पोर खेळता खेळता दात गमावून बसलं असेल? दात डबीत ठेवला. कुणाचीही गोष्ट फेकायची नाही, हा माझा नियम.

या मशीनांना आजच्या घड्याळाएवढीही स्मरणशक्ती नाही. पण तेवढ्यात माणसांनी किल्ले बांधले, चंद्रावर उतरले, राक्षस मारले. एकेक अक्षर वाचवून. आज सगळं भरपूर आहे म्हणून कुणाला कशाची किंमत नाही. असं मी बोललो की माझी लेक म्हणायची, बाबा, कॅसेट उलटा, ही बाजू ऐकून झाली.

शुक्रवार, ८ मार्च

चौदा चालू. दुपारभर क्रमांक नऊवर तो चौकोनी चेंडूचा खेळ खेळलो. कामच आहे माझं, तपासायला नको?

माझं पहिलं मशीन तिसऱ्या हातचं होतं. मी एकोणीस वर्षांचा, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करायचो. टीव्ही शेजाऱ्यांचा, तोही त्यांची मालिका संपल्यावर मिळायचा. जॉयस्टिक विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून कंपासपेटी आणि सायकलच्या ब्रेकच्या स्प्रिंगांची केली. मासिकात छापून आलेला प्रोग्रॅम चार दिवस टाइप करायचा, एक स्वल्पविराम चुकला की सगळं मुसळ केरात. माझा कधी चुकला नाही.

आणि ते लोड होणं! खेळ कॅसेटवर आवाजाच्या रूपात भरलेला असायचा. टेप लावायची, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावायचे आणि तो कर्कश आवाज पाच-सात मिनिटं. बाकीचे कानात बोटं घालायचे, मी ऐकत बसायचो. ऐकून ऐकून कान असा तयार झाला की आवाजावरून सांगायचो, या ब्लॉकला, टेपच्या या तुकड्याला, लोड फसणार. आणि फसायचं. बायको लग्नानंतर गमतीनं म्हणायची, माझ्या बोलण्याकडे असा कान द्या एकदा. गमतीनंच म्हणायची.

रविवार, १० मार्च

सुट्टी. लेकीचा फोन आला. दोन वर्षांत तिसरा.

मोजकं बोलली. दूरच्या नोकरीवर निघाली आहे, सव्वीस तारखेला, परत यायचं ठरलेलं नाही. चोवीसला, रविवारी, अकरा वाजता मला इथे भेटून जाणार. एक प्रश्न विचारायचा आहे, फोनवर नाही, समोर बसून. मी म्हटलं, आत्ताच विचार की. म्हणाली, तुमचं तोंड बघायचंय उत्तर देताना.

प्रश्न मला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी तिची आई न्हाणीघरात पडली तेव्हा मी शेजारच्या खोलीत एक टेप जुळवत होतो. आईनं मला हाका मारल्या होत्या, हे खालच्या मजल्यावरच्यांनीही सांगितलं. मी सगळ्यांना सांगितलं, टेपच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. सगळ्यांनी मानलं. लेकीनं नाही. तेराव्या दिवशी भर माणसांत म्हणाली होती, "बाबांना सगळं ऐकू येतं. त्यांना फक्त माणसं ऐकू येत नाहीत."

तिला सांगायचं, नाही ऐकू आलं. एकदा समोर बसून सांगितलं की मिटेल. जाताना तरी नीट जाईल.

मंगळवार, १२ मार्च

कॅसेटी काढल्या. टेपरेकॉर्डर आधी उघडला, आणि कपाळाला हात लावला. टेप वाचणाऱ्या हेडशेजारचा बारीक स्क्रू, ज्यानं हेड टेपशी काटकोनात बसतं, तो भलताच फिरवलेला. कुठल्याही शहाण्यानं असा ठेवला नसता. मी माझ्या पद्धतीनं सरळ केला.

एकही कॅसेट लोड होईना. आवाज घोगरा, कांबळ्यातून आल्यासारखा.

म्हणजे भावानं याच तिरक्या हेडवर भरल्या आहेत, तर वाचायलाही तेच तिरकं हेड हवं. यासाठी संगणकावर आवाज सुधारायची साधनं मिळतात. मी वापरत नाही. पेचकस लावला, टेप चालू केली, कान स्पीकरला टेकवला, आणि केसाएवढा फिरवत गेलो. पाव फेरा डावीकडे. एकदम धार आली आवाजाला! असा स्वच्छ आवाज मी तीस वर्षांत ऐकला नाही. कानातून आत काहीतरी खटकन बसलं, खोबणीत चिप बसावी तसं.

पहिली कॅसेट लोड झाली. खेळ नाहीच. काळ्या पडद्यावर मोठ्या रोमन अक्षरांत आपली साधी बोली, ओळीमागून ओळ. *ताई. एक दोन तीन. ताई, हे कळतंय का.* एवढंच, शंभरेक वेळा.

बाईंना सांगितलं. त्या जिन्याचा कठडा धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बाकीच्या आठ काढा, हातातलं सगळं सोडा.

गुरुवार, १४ मार्च

दुसरी आणि तिसरी. जिथे अडलं तिथे स्क्रू आणखी डावीकडे. दर कॅसेटला पाव फेरा लागतो. म्हणजे तो भरत गेला तसतसं हेडही फिरवत गेला. का, ते कळत नाही.

तिसरीतला मजकूर जसाच्या तसा उतरवतो: *आज वाणी बोलला ते खरखरलं. परवा पोस्टमन. ताई अजून नीट येते, फक्त स आणि श फाटतात.*

वाचून मी हसलो. बिचाऱ्याचे कान गेले असणार.

संध्याकाळी साबण आणायला गेलो. दुकानदारानं काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं. रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये अडकावा तसा त्याचा आवाज. मी सुटे आहेत म्हणालो. त्यानं पिशवी वर करून दाखवली, पिशवी हवी का विचारत होता. मागची बाई फिस्सकन हसली. तिचं हसणं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

शनिवार, १६ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबडी लावली, बारीक शिट्ट्या ऐकवल्या. एकूण एक ओळखल्या. त्यांनी कागदावर लिहून दिलं (बोललेलं अर्धंच लागत होतं म्हणून मीच लिहायला सांगितलं): तुमच्या वयात असा कान मी पाहिला नाही. वेगळा काळ असता तर हा कागद चौकट करून लावला असता.

परत आलो तेव्हा बाई जिन्यात वाट बघत होत्या. माझ्या हातातला कागद बघूनच त्यांना उमगलं असावं. पायरीवर बसल्या आणि जे चार तारखेला सांगायला हवं होतं ते आज सांगितलं. स आणि श फाटत होते, पण लागलं सगळं.

भाऊ शेवटची दोन वर्षं बोलला नाही. म्हणजे बोलायचा, पण तोंडातून निघायचा तो हा आवाज. टेपचा. गळा ताणून, डोळ्यांत पाणी आणून तासन्‌तास. आधी बाईंना वाटलं, थट्टा करतो. ओरडल्या त्याच्यावर. मग वाटलं, वेड लागलं. त्यांनी कानात कापूस घालायला सुरुवात केली. तो स्वतःचा आवाज कॅसेटींत भरायचा आणि त्यांच्यापुढे आणून ठेवायचा. त्यांनी एकदाही लावून पाहिल्या नाहीत.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर आला असतात का? आणि आला असतात, तर ऐकलं असतंत का?

मला राग यायला हवा होता. मी पाचव्या कॅसेटला किती फिरवावा लागेल याचा विचार करत होतो.

रविवार, १७ मार्च

लेकीचा फोन. उचलला.

आधी लांब सलग सूर, टेपच्या सुरुवातीला असतो तसा. मग खरखर.

मी ठेवून दिला. मग तिचा मेसेज: लाइन खराब होती का. चोवीसला अकराला येते. समोरच बोलू.

तिला लिहून कळवायला घेतलं की कानाला जरा त्रास आहे. अर्ध्यात पुसलं. मला ऐकू येत नाही, हे वाक्य मी तिला आता कुठल्या तोंडानं लिहू? तिची आई गेली त्या दिवशीही हेच वाक्य होतं.

मंगळवार, १९ मार्च

बाईंचं बोलणंही गेलं. बोलतात, ओठ हलतात, आणि पट्टे धावावेत तसा आवाज.

पण मला एक सुचलं आणि ते बरोबर निघालं. करड्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबून त्यांना बोलायला लावलं, ती टेप मशीनला दिली. पडद्यावर अक्षरं उमटली: *काय करताय हे, चहा निवतोय, तुम्हीपण त्याच्यासारखेच उपाशी राहणार का.* एक मिनिट बोलल्या, वाचायला एक मिनिट लागलं. टेपला घाई नसते.

पाचवीतलं एक वाक्य: *स्क्रू परत फिरवून काही होत नाही. फिरला तो स्क्रू नव्हे.* मी तरीही फिरवून बघितला, जिथे होता तिथपर्यंत. काही होत नाही.

त्यातलंच दुसरं: *माझा आवाज मला स्वच्छ ऐकू येतो. मग ताई कान का झाकते?*

मलाही माझा आवाज स्वच्छ ऐकू येतो.

बुधवार, २० मार्च

सहावी. कागदावर उतरवून बाईंच्या हातात दिली. *ताई, पंखा बंद कर. मला थंडी वाजते.* सगळी बाजू तेवढंच.

बाईंनी उत्तरपत्रिका तपासावी तसा कागद दोनदा वाचला. मग पाटीवर लिहून सांगितलं: तो ओरडायचा, मला वाटायचं उकडतंय म्हणून ओरडतो. मी पंखा वाढवायचे. दोन हिवाळे.

पाटी पुसली नाही. भावाच्या खोलीत जाऊन बंद पंख्याखाली उभ्या राहिल्या.

मी वर आलो आणि सातवी लावली. लाज वाटायला हवी होती. पण आवाज इतका सुंदर—

गुरुवार, २१ मार्च

इथे खरं लिहितो. अजून अक्षर माझं आहे.

त्या दिवशी मला हाक ऐकू आली होती.

पहिलीच ऐकू आली. तीन आठवडे न लागलेली टेप शेवटच्या ब्लॉकवर होती. मनात म्हटलं, आलो, एकच मिनिट. तोंडानं म्हटलंही नाही. दुसरी हाक आली. तिसरी. चार मिनिटं गेली. लोड झालं. मी टाळी वाजवली. मग गेलो.

तिसऱ्या खोलीत ट्रान्सफॉर्मर गुणगुणला तरी मला कळतो. लेकीला ते माहीत आहे. म्हणून मानत नाही.

तिला खोटं सांगायचं, नाही ऐकू आलं. तिच्याच भल्यासाठी. खरं घेऊन ती कुठे जाईल?

शनिवार, २३ मार्च

दोन दिवस कुणाशी बोललो नाही. बोललो तर माझा आवाज दुसऱ्याला कसा येतो ते तपासायला पाहिजे. तपासलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट न तपासता ठेवली.

उद्याचं ठरलं. बोलायचं नाही. टेपरेकॉर्डर चालू. ती सांगत असताना माना डोलवायच्या, ऐकतो आहे असं वाटायला. प्रश्न शेवटी येईल, प्रश्न नेहमी शेवटी येतो. ती थांबून माझ्याकडे बघेल. तेव्हा मान आडवी हलवायची. नाही.

नाही ऐकू आलं. एवढंच.

आरशासमोर सराव केला. चांगलं जमतं.

रविवार, २४ मार्च

साडेअकरा. गेली. म्हणजे खाली गेली. तिची गाडी अजून यायची आहे. फाटकाजवळच्या बाकावर बसली आहे, बाई शेजारी.

बारीक झाली आहे. आईची शाल होती अंगावर.

सात मिनिटं बोलली. टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलेलं तिनं पाहिलं आणि ओठ मुडपला, पण बोलली. मी ठरवल्याप्रमाणे माना डोलवल्या. मध्ये एकदा ती रडली. मी मान डोलवली. मग माझा हात हातात घेतला. चार वर्षांत पहिल्यांदा. हात धरून पुढे बोलली, जरा वेगळ्या चालीत, हळू. मग थांबली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी मान आडवी हलवली. नीट, दोनदा. सराव केला तशी.

तिनं हात सोडला.

काहीतरी चुकलं. तोंड बघून कळलं. विश्वास बसलेल्या माणसाचं तोंड तसं होत नाही.

अकरा पस्तीस. टेप गुंडाळून लावली. फसली, आवाज जास्त ठेवला होता. माझी टेप फसली! पुन्हा.

ती बाकावरच आहे. खिडकीतून दिसते.

अकरा अडतीस. लागली. पट्टे धावतात.

*बाबा तुम्ही इतके कसे वाळलात*

*मी भांडायला आले नाहीये*

पुढे. पुढे चल. घाई करता येत नाही. टेप आपल्या चालीनंच—

*चार वर्षं मी एकच गोष्ट धरून बसले*

*आईची हाक तुम्हाला ऐकू आली होती ना. खरं सांगा. मला फक्त खरं हवंय*

मध्येच. प्रश्न मध्येच होता. मी मान डोलवत होतो.

*हो म्हणालात. बाबा. हो म्हणालात तुम्ही*

इथे ती रडली ती.

अकरा बेचाळीस. रस्त्याच्या वळणावर गाडी. नाही, दुसरी. पुढे गेली.

*खोटं बोलला असतात तर उठून गेले असते. तिकीट खिशात आहे*

*आता राग नाही. कसा गेला माहीत नाही पण नाही*

खाली जावं का. अजून दोन मिनिटांची टेप आहे. शेवट कळल्याशिवाय जाऊन काय—

एकच मिनिट.

*तुम्ही एकटे. मी एकटी. हे काय चाललंय आपलं*

*तिकीट फाडू का बाबा. राहू का मी तुमच्याजवळ*

*सांगा ना*

नाही. नाही नाही. मी मान—

गाडी आली. ती उठली. बाई तिची बॅग—

खिडकी उघडली. हाक मारली. थांब म्हणालो, राहा म्हणालो, स्पष्ट, मला स्वच्छ ऐकू—

वर बघते आहे. तोंड पांढरं. दोन्ही हात कानांवर—

बाईंना ओळखीचा आहे तो आवाज. बाई तिला धरून फाटकाबाहेर—

पुन्हा मारतो. मोठ्यानं. ती ऐ